चिनी पुराणभूगोल आणि खेळांतले नकाशे

एका पुस्तकाने कपाट कसे बदलले, तिथून सुरुवात करतो.

चिनी भाषेत 'शान-हाय चिंग' नावाचा जुना ग्रंथ आहे. शान म्हणजे पर्वत, हाय म्हणजे समुद्र, चिंग म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथ. आपण त्याला 'गिरिसागरसूत्र' म्हणू. त्याची प्रकरणे १८. जुना भाग इसवी सनाच्या तीन-चारशे वर्षे आधीचा, पुढची भर हान राजवटीच्या सुरुवातीच्या काळातली. हान घराण्याच्या ग्रंथसूचीत तो जागेची लक्षणे पाहणाऱ्या शास्त्रांत, म्हणजे आपल्या वास्तुशास्त्राच्या शेजारी बसवला होता. पुढे स्वे राजवटीची सूची झाली, तिने त्याला भूगोलात घातले. अठराव्या शतकात छ्येनलुंग बादशहाच्या हुकमावरून सगळ्या चिनी ग्रंथांचे प्रचंड भांडार सिद्ध झाले, तेव्हा संपादकांनी तोच ग्रंथ उचलून किरकोळ गोष्टींच्या वर्गात ठेवला. मजकूर तोच राहिला. वाचणाऱ्यांचे जग तेवढे बदलले होते.

आज तो आणखी एका कपाटात गेला आहे. संगणकावर आणि मोबाइलवर मुले जे खेळ खेळतात, त्यांतले काल्पनिक देश, डोंगर, नद्या आखणारे कलावंत हा ग्रंथ पुढ्यात ठेवून बसतात. तुमच्या घरातला नातू तासन् तास ज्या मुलखात हिंडत असतो, त्याचा मूळ आराखडा कदाचित दोन हजार वर्षांपूर्वीचा असेल. त्या आराखड्यात आपल्या घरचे एक नाव कसे शिरले, तेही पुढे सांगणार आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, दवाखान्याचा माणूस आहे. पण रोगी तपासताना पूर्ववृत्त विचारायची सवय जडलेली असते, ती इतर गोष्टींनाही लागू पडते.

आधी ग्रंथाची मांडणी पाहा, कारण सगळी गंमत मांडणीत आहे. पहिल्या पाच प्रकरणांत सुमारे साडेचारशे पर्वतांच्या नोंदी आहेत. नोंद म्हणजे गोष्ट नव्हे. या पर्वतापासून पूर्वेला इतके ली गेले की अमुक पर्वत लागतो (ली म्हणजे आपला अर्धा किलोमीटर, किंवा थोडे कमीच). त्यावर काय सापडते, सोने की जेड. गवत कोणते, झाड कोणते, जनावर कोणते, नदी कुठे उगम पावते आणि कोणत्या दिशेला जाऊन कशाला मिळते. पुढच्या पर्वताचे पुन्हा तसेच. रांग संपली की त्या रांगेतल्या देवतांचे रूप सांगतात, धड पक्ष्याचे आणि डोके नागाचे वगैरे, आणि त्यांना कोणता पशू, कोणते जेड, कोणते तांदूळ द्यायचे तेही. भाषा तलाठ्याच्या दप्तरासारखी कोरडी. वर्णन मात्र अशा जनावराचे, जे कोणी पाहिलेले नाही.

पहिल्याच पर्वतावर लसणाच्या पातीसारखे दिसणारे, निळसर फुलांचे गवत आहे. ते खाल्ले तर भूक लागत नाही. एक झाड आहे, काळ्या रेघांच्या लाकडाचे. त्याचा तुकडा अंगावर बाळगला तर वाट चुकत नाही. पांढऱ्या कानांचे वानरासारखे जनावर आहे. त्याचे मांस खाल्ले तर माणूस झपाझप चालतो. थोडे पुढे पक्ष्याचे डोके असलेले कासव भेटते. ते अंगाला बांधले तर बहिरेपण येत नाही आणि पायाच्या घट्ट्यांवरही गुण येतो. नऊ शेपट्यांचा कोल्हा इथलाच. तो माणसे खातो, पण त्याला जो खाईल त्याला विषबाधा होत नाही.

मला हे वाचताना औषधांचा ग्रंथ वाचल्यासारखे वाटले. वनस्पती, प्राणी, खनिज, आणि पुढे गुण. आमच्या मटेरिया मेडिकाची घडण अशीच असते, फक्त तिथे औषधे अक्षरानुक्रमे येतात आणि इथे डोंगरानुक्रमे. म्हाकुळासारख्या माशाच्या शाईपासून केलेले सेपिया आणि सापाच्या विषापासून केलेले लॅकेसिस मी चाळीसएक वर्षे देत आलो आहे. तेव्हा कासवाच्या नोंदीला हसायला मला फारशी जागा नाही. जैन असल्यामुळे प्राणी खाण्याच्या पाठांवर मी पान उलटतो, एवढेच.

आता हाच उतारा खेळ तयार करणाऱ्याच्या नजरेने वाचा. जागा ठरलेली, पुढच्या जागेची दिशा आणि अंतर दिलेले, तिथला राखणदार सांगितलेला, त्याला जिंकले तर काय हाती लागते ते सांगितलेले, देवतेला प्रसन्न करण्याचा विधीही दिलेला. काल्पनिक मुलखाचा नकाशा करणाऱ्याला याहून जास्त काय हवे? बहुतेकजण यातले विचित्र प्राणी तेवढे उचलतात, ही माझी तक्रार आहे. नऊ शेपट्यांचा कोल्हा जगभरच्या खेळांत हिंडतो, पण तो कोणत्या डोंगरावरचा आणि त्या डोंगरातून कोणती नदी निघते हे कोणी विचारत नाही. चिनी पुराणाचे सामर्थ्य प्राण्यांत कमी आणि जमिनीच्या कारणमीमांसेत जास्त आहे.

त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे पूचौ पर्वत. इसवी सनापूर्वी १३९ मध्ये हान दरबारी सादर झालेल्या 'ह्वायनान्झी' या ग्रंथात ही कथा येते. कुंगकुंग नावाच्या एका बलाढ्याने राज्यासाठी च्वानशूशी झुंज घेतली आणि संतापाच्या भरात पूचौ पर्वताला धडक दिली. तो पर्वत म्हणजे आकाशाचा खांब. खांब मोडला. आकाश वायव्येकडे कलले, म्हणून सूर्य, चंद्र, तारे तिकडे सरकतात. जमीन आग्नेयेकडे खचली, म्हणून सारे पाणी आणि गाळ तिकडे वाहतो. चीनचा नकाशा समोर धरा. पश्चिमेला तिबेटचे पठार, पूर्वेला सखल मैदान, पीत नदी आणि यांगत्से दोन्ही पूर्वेला समुद्राला मिळतात. कथा अद्भुत आहे, पण ती जे समजावून सांगते आहे ते शेतकऱ्याला रोज डोळ्यांनी दिसणारे आहे. ज्याला काल्पनिक देश आखायचा आहे त्याने कुंगकुंगचे चित्र काढण्याआधी आपल्या देशातले पाणी एकाच बाजूला का वाहते, हे ठरवायला शिकावे.

दुसरा आराखडा यू राजाचा. महापूर आवरणारा यू हा चिनी परंपरेतला आदर्श राजा. त्याच्या नावावर 'शू चिंग' या प्राचीन ग्रंथात एक प्रकरण आहे. त्यात देशाचे ९ प्रांत, प्रत्येकाच्या मातीचा रंग, जमिनीची प्रत, कर आणि राजधानीला येण्याचा जलमार्ग दिला आहे. वायव्येच्या युंग प्रांताची माती पिवळी आणि प्रत पहिली. यांगत्सेच्या मुखाकडच्या यांग प्रांताची माती चिखलाची आणि प्रत नववी, म्हणजे सगळ्यांत खालची. आज तोच भाग चीनमधल्या सर्वांत सधन भागांपैकी आहे. जमीन महसूल पाहणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हे प्रकरण ओळखीचे वाटेल.

त्याच प्रकरणाच्या शेवटी राजधानीभोवती एकात एक बसवलेले पाच चौकोनी पट्टे सांगितले आहेत, प्रत्येक ५०० लीचा. आत राजाची जमीन, मग सरदारांची, मग शांत केलेल्या मुलखाची, मग करारात बांधलेल्यांची, आणि सर्वांत बाहेर रानटी मुलूख. खरा देश असा चौकोनी कधीच नव्हता. पण मध्यापासून जितके दूर जाल तितका धोका वाढत जातो, ही कल्पना आजच्या जवळपास प्रत्येक साहस-खेळाच्या नकाशात आहे. गावाच्या वेशीजवळ दुबळे शत्रू, टोकाला प्राणघातक. ती सगळी यू राजाकडून आली असे मी म्हणत नाही. पण इतक्या नेटकेपणाने ती फार आधी मांडून ठेवली होती.

इथे एक शंका येणे साहजिक आहे. चिनी लोकांना खरा भूगोल कळत नव्हता म्हणून त्यांनी अद्भुत नकाशे रचले काय? शीआन शहरातल्या शिलालेखांच्या संग्रहात ११३६ साली कोरलेला एक दगड आहे. त्यावरच्या नकाशाचे नाव 'यूच्या पाऊलखुणांचा नकाशा'. संपूर्ण नकाशावर चौकटी आखलेल्या आहेत आणि प्रत्येक चौकट १०० लीची, हे दगडावरच लिहिले आहे. किनारपट्टी आणि मोठ्या नद्यांची वळणे इतकी बरोबर आहेत की आजच्या नकाशाशेजारी ठेवली तर ओळखू येतात. नाव मात्र पुराणातल्या राजाचे. मोजमाप आणि पुराण एकाच दगडावर सुखाने नांदत होते.

कधीकधी पुराणानेच खऱ्या नकाशावर नाव कोरले. कुनलुन हा गिरिसागरसूत्रातला देवलोकाचा पर्वत. चौरस ८०० लीचा, नऊ दरवाज्यांचा, दारावर नऊ मानवी मुखांचा राखणदार, पायथ्याशी असे क्षीण पाणी की त्यावर पीससुद्धा तरंगत नाही, आणि पलीकडे अग्नीचा डोंगर. हान सम्राट वू याच्या दूतांनी पश्चिमेकडून येऊन सांगितले की पीत नदी खोतानजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि तिथे जेड पुष्कळ मिळते. सम्राटाने जुन्या चित्रग्रंथांत पाहिले आणि त्या डोंगराचे नाव कुनलुन ठरवून टाकले. त्याच काळातला इतिहासकार सिमा छियेन याला हे पटले नसावे. नदीचे मूळ शोधून आलेल्या माणसांना तो वर्णनातला कुनलुन दिसला कुठे, असे तो विचारतो आणि गिरिसागरसूत्रातल्या चमत्कारांविषयी बोलायचे धाडस आपण करत नाही, असे म्हणून विषय सोडतो. या ग्रंथाचा आपल्याला माहीत असलेला पहिला उल्लेख तो हाच, म्हणजे अविश्वासाचा. पीत नदीचा खरा उगम तिथून फार दूर, छिंगहाय प्रांतात आहे. पण नाव चिकटले ते चिकटले. शाळेच्या ॲटलासमध्ये तिबेटच्या उत्तरेला कुनलुन पर्वत आजही छापलेला असतो.

पूर्वेच्या समुद्रातली बेटे याच्या उलट. फंगलाय, फांगचांग आणि यिंगचौ ही अमर लोकांची बेटे. दुरून ढगांसारखी दिसत, जवळ गेले की पाण्याखाली जात. शांतुंगच्या किनाऱ्यावर मृगजळ दिसते, त्यातून ही कल्पना आली असावी. पहिला सम्राट छिन शृह्वांग याने इसवी सनापूर्वी २१९ मध्ये शू फू नावाच्या माणसाबरोबर हजारो मुलेमुली देऊन त्यांना शोधायला पाठवले. 'लिएझी' या ग्रंथात हीच बेटे आधी पाच आहेत आणि तरंगती आहेत. ती वाहून जाऊ नयेत म्हणून १५ प्रचंड कासवे पाळीपाळीने त्यांना डोक्यावर धरतात. एका राक्षसाने गळ टाकून सहा कासवे पकडून नेली, तेव्हा दोन बेटे उत्तरेला वाहत गेली आणि बुडाली. सम्राट वूलाही बेटे सापडली नाहीत. त्याने आपल्या राजवाड्याच्या तळ्यात ती बांधून घेतली. काल्पनिक नकाशात पाय ठेवून हिंडण्याची सोय बादशहाने केली ती अशी. आता ती मोबाइलधारकाला मिळते.

आता आपल्या घरचे नाव. सातव्या शतकात युआन श्वांग, जुन्या पुस्तकांतला ह्युएनत्संग, भारतात आला. दुसरा पुलकेशी राज्य करत असताना तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इथली माणसे साधी, मानी आणि उपकार न विसरणारी, पण अपमानाचा सूड घेणारी आहेत, अशा अर्थाचे लिहून गेला. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत जे सांगत नाहीत ते त्याच्या ग्रंथाच्या आरंभी आहे. ६४६ साली पुरा झालेल्या त्या प्रवासवृत्तात तो आधी जगाची मांडणी करतो: मध्ये सुमेरू, चार दिशांना चार द्वीपे, दक्षिणेला जंबूद्वीप. जंबूद्वीपाच्या मध्यभागी अनवतप्त सरोवर, त्यातून गंगा, सिंधू, वक्षू आणि सीता या चार नद्या. सीता जमिनीखालून वाहत जाऊन चीनमध्ये वर येते आणि तीच पीत नदीचे मूळ, असे सांगणारे आहेत, हेही तो नोंदवतो. ही मांडणी बौद्धांची. पण सीता नदी जैन वाचकाला परकी नाही; आमच्या जंबूद्वीपात ती विदेहक्षेत्रातून पूर्वेला वाहते. पूजेच्या संकल्पात जंबूद्वीपाचे नाव घेणाऱ्या घरांनाही हा शब्द रोजचा. तो शब्द चिनी भाषेत 'चानपुचौ' झाला.

पुढे युआन श्वांगच्या याच प्रवासावरून 'शी यू ची', म्हणजे 'पश्चिमेची यात्रा', ही कादंबरी झाली. तिची आज उपलब्ध असलेली जुनी पूर्ण आवृत्ती १५९२ ची. वानरराज सुन वूखुंग तिचा नायक. त्याचा फळाफुलांचा डोंगर पूर्वद्वीपात आहे. वाटेतला ज्वालापर्वत खऱ्या तुर्फानच्या लाल डोंगरांचा, आणि गोबीच्या बाजूचे वाळवंट कादंबरीत वाहत्या वाळूची नदी होऊन बसले आहे. २० ऑगस्ट २०२४ ला प्रसिद्ध झालेला 'ब्लॅक मिथ: वूखुंग' हा चिनी खेळ याच कथेवर आहे. त्याच्या निर्मात्यांनी खऱ्या मंदिरांची, मूर्तींची, मनोऱ्यांची बारकाईने मापे आणि छायाचित्रे घेऊन खेळातला मुलूख उभारला. ३६ स्थळांपैकी २७ एकट्या शान्शी प्रांतातली, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले. खेळ आला तेव्हा त्यात खेळाडूला पाहायला नकाशाच नव्हता. लोक वाट चुकून वैतागले आणि काही महिन्यांनी नकाशा घालावा लागला. पहिल्या पर्वतावरचे ते झाड निर्मात्यांना आठवले नाही म्हणायचे.

पाश्चात्त्यांचा नमुना म्हणून २०१२ चा 'मिस्ट्स ऑफ पँडारिया' पाहा. त्यात कुनलुनवरून बेतलेले कुन-लाय शिखर आहे, लांबच लांब भिंत आहे आणि सुरुवात होते ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवरच्या बेटावर. चार दिशांचे चार राखणदारही आहेत, पण उत्तरेच्या काळ्या कासवाच्या जागी काळा बैल आला आहे. देखणे काम आहे. पाणी कुठे वाहते याचा विचार मात्र 'वूखुंग'मध्ये जास्त जाणवतो, कारण तिथले डोंगर कोणीतरी पायी चढून पाहिलेले आहेत.

आपल्या जंबूद्वीपाचे कपाट कोणते, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. १८३५ मध्ये मेकॉलेने काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांचा भूगोल म्हणून आपली टिंगल केली, तेव्हापासून आपण दोनच भूमिका घेत आलो. एकतर तो नकाशा अक्षरशः खरा म्हणून भांडायचे, नाहीतर लाजून तो माळ्यावर टाकायचा. एक लाख योजने व्यासाचे जंबूद्वीप, भोवती दुप्पट रुंदीचा लवणसमुद्र, पुढे चार लाखांचे धातकीखंड, मग आठ लाखांचा कालोदधी, मग पुष्करद्वीप आणि त्याच्या मध्यावर माणसाला ओलांडता न येणारा मानुषोत्तर पर्वत. याचे कापडावर रंगवलेले अढाईद्वीपाचे पट पंधराव्या शतकापासूनचे मिळतात. चीनने असा मजकूर गोष्टींच्या कपाटात ठेवला आणि तिथे तो जगला. मुलांनी वाचला, चित्रकारांनी काढला, आता खेळला जातो.

खरे तर खेळण्याची तिसरी वाट आपल्याकडेही होती. जैनांच्या ज्ञानबाजीचा पट ८४ घरांचा. कवड्या टाकत, सापांनी खाली आणि शिड्यांनी वर जात लोकाच्या माथ्यावरच्या सिद्धशिलेपर्यंत पोचायचे. मराठीतला मोक्षपट त्याच जातीचा. परंपरा त्याचे नाते ज्ञानेश्वरांशी जोडते. चीनमध्येही चिंग काळात एक पट खेळत. त्यावर देशातली निसर्गरम्य स्थळे, आणि खेळणाऱ्यांनी कवी, ताओ साधू, तलवारबहाद्दर, सुंदरी, कोळी, बौद्ध भिक्षू अशी सोंगे घेऊन फासे टाकत प्रवास करायचा. आजच्या खेळांतली पात्रे निवडण्याची पद्धत याहून फार वेगळी नाही. आपल्या ज्ञानबाजीतून इंग्रजांनी कर्मसिद्धान्त गाळला आणि सापशिडी परत पाठवली. ती आपण मुलांना आणून देतो.

शेवटी 'पश्चिमेची यात्रा'मधला एक तपशील सांगायचा राहिला. युआन श्वांगने जंबूद्वीप म्हटले तेव्हा त्यात भारत होता. कादंबरीकाराने नकाशा नव्याने आखताना चीनचे थांग साम्राज्य दक्षिणेच्या जंबूद्वीपात ठेवले आणि बुद्धाची भूमी, म्हणजे आपण, उचलून पश्चिमेच्या दुसऱ्या द्वीपात नेऊन ठेवली. बुद्धाच्या तोंडी जंबूद्वीपाच्या लोकांबद्दल, ते लोभी आणि भांडखोर असल्याची तक्रारही घातली. ती आता चिन्यांना लागू! जे मूल आज त्या खेळात हिंडते, त्याच्या नकाशावर जंबूद्वीप आहे, फक्त त्यात आपण नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात बेळगावात जे झोपले ते मुंबई राज्यात आणि उठले ते म्हैसूर राज्यात. घर, विहीर, बसदी सगळे जागेवरच होते. तेव्हा हा तपशील वाचून तुम्हाला फारसे नवल वाटणार नाही.